थेट मोटार नसल्याचा दाखला

नळाला पाणी येण्याआधी हवा येते. हा निसर्गाचा नियम असून त्याविरुद्ध अपील करण्याची तरतूद नाही. मीनापूर नगरपंचायतीच्या हद्दीतल्या शेवटच्या नळाला, म्हणजे मिलिंदनगरात द्रौपदाबाईंच्या दारातल्या नळाला, ही हवा सरासरी बावीस मिनिटे येते. द्रौपदाबाईंनी नळाच्या तोंडाशी एक पांढरा दोरा बांधून ठेवला आहे. पाइपातून हवा येत असली की दोरा पुढे उडतो. पाणी आले की भिजून खाली लोंबतो. आणि गावातल्या मोटारी ऐन जोरात असल्या की उलटा वळून नळाच्या तोंडात शिरतो. या तिसऱ्या अवस्थेचा अर्थ असा, की त्या वेळी नळ द्रौपदाबाईंना पाणी देत नसून त्यांच्याकडून काही मिळते का ते पाहत असतो.

पाणी एक दिवसाआड, सकाळी पावणेसहाला, पंचेचाळीस मिनिटांसाठी सुटते. त्यातून हवेची बावीस आणि दोऱ्याच्या तिसऱ्या अवस्थेची चौदा मिनिटे वजा केली की नऊ उरतात. या नऊ मिनिटांत करंगळीएवढ्या धारेने दोन हंडे आणि एक कळशी भरते. दप्तरी नोंद अशी, की मिलिंदनगरला ‘नियमितपणे व दाबाने’ पाणीपुरवठा होतो. यात खोटे काही नाही. पुरवठा नियमित आहे, आणि दाबही आहे. तो कोणत्या दिशेने आहे असे दप्तराला कोणी विचारलेले नाही.

मीनापूर हे जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या शिवेवरचे मध्यम आकाराचे शहर आहे (दोन्ही तालुके ते दुसऱ्याचे आहे असे समजतात). बस मिळाली तर आळेफाटा चाळीस मिनिटांवर. नळजोड चार हजार तीनशे बारा. गावचा मुख्य पाइप टाकीपासून निघून आधी बाजारपेठ, मग वरची आळी, मग कॉलनी, मग नवी कॉलनी असा फिरत शेवटी मिलिंदनगरात संपतो. हा क्रम कोणी ठरवला याची नोंद नाही. पाइपाने तो स्वतःच ठरवला असावा, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत पाइपांना असेच वागण्याची सवय आहे.

प्रबुद्ध हा द्रौपदाबाईंचा मुलगा. वय छत्तीस. गेली सोळा वर्षे तो मीनापुरात नळाची कामे करतो आणि त्याच्या कामाबद्दल कोणाचीही तक्रार नाही, हेच त्याच्या आईच्या तक्रारीचे मूळ आहे. कारण या सोळा वर्षांत त्याने अकराशे चाळीस घरांत थेट मोटार बसवली. थेट मोटार म्हणजे घरच्या टाकीला न लावता सरळ नगरपंचायतीच्या पाइपालाच लावलेली मोटार. ती पाण्याची वाट पाहत बसत नाही. जाऊन घेऊन येते. ती बेकायदेशीर आहे, म्हणून मीनापुरात कोणाकडेही नाही. प्रत्यक्ष संख्या एकोणचाळीसशेच्या आसपास आहे.

नसलेली मोटार ठेवायची कुठे, हा प्रश्न मीनापूरने ज्या कल्पकतेने सोडवला तिची नोंद व्हायला हवी. जिन्याखाली ठेवणे हे नवशिक्यांचे. जाणते लोक ती कुत्र्याच्या खोपटात ठेवतात (कुत्रा असणे आवश्यक, कॉलनीत कुत्रे वाढण्याचे हेच कारण). कोणी कुंडीखाली, कोणी जुन्या वॉशिंग मशीनच्या पोटात. निवृत्त पाणीपुरवठा अभियंत्यांच्या अंगणात एक सिमेंटचा पाणघोडा आहे आणि तो एक दिवसाआड पंचेचाळीस मिनिटे घुमतो. पावणेसहाला पाणी सोडणारा माणूस टाकीची चावी फिरवतो आणि साऱ्या गावाचे दिवे मंद होतात, पंखे रेंगाळतात. पाणी आल्याचे मीनापूरला नळावरून कळत नाही, ट्यूबलाइटवरून कळते. नगरपंचायतीच्या कार्यालयातली ट्यूबही त्याच वेळी लुकलुकते, पण ती कार्यालयीन वेळ नसल्यामुळे ही बाब प्रशासनाच्या निदर्शनास आलेली नाही.

पूर्वी पाव एचपीच्या मोटारी होत्या. शेजाऱ्याने पाव लावली म्हणून दुसऱ्याने अर्धा लावली, ते पाहून पहिल्याने पाऊण. आज मीनापूरच्या पाइपावर रोज नव्हे पण दिवसाआड अडीच हजार एचपीच्या मोटारी एकमेकींच्या विरुद्ध ओढत असतात, आणि प्रत्येक घराला मिळणारे पाणी पाव एचपीच्या काळात मिळत होते तेवढेच आहे. फरक फक्त पाइपाच्या शेवटाला पडला. पण शेवट म्हटला की तिथे काहीतरी संपणारच.

द्रौपदाबाईंचे म्हणणे सहा वर्षांपासून एकच होते. त्या दोऱ्याकडे बघत ते मांडत.

"एक तर आपल्याला बी बसव, न्हायतर त्यांच्या काढ. दोन्हीतलं एक काय ते ठरव."

"बघू, आये."

"बघू बघू करत माझा पदर वाळला. गावाला पानी पाजनारा तू, आन् तुझी आय तोंड धुयाला तांब्या इचारती."

"रिकाम्या पाइपाला मोटार लावली तर ती गटार वढती, आये. आपल्या पाइपाच्या कडंनं गटार हाय. जोडातनं आत येतं. कावीळ व्हईल वस्तीला."

"मग त्यांच्या काढ."

"बघू."

प्रबुद्धला हे दोन्ही मार्ग तांत्रिकदृष्ट्या पूर्ण समजले होते. पहिला वाईट होता आणि दुसरा चांगला होता. दुसऱ्यात अडचण एवढीच, की तो चोखाळल्यावर मीनापुरात कोणी त्याला उंबऱ्याच्या आत घेतले नसते. आणि उंबऱ्याच्या आत घेतले जाणे ही गोष्ट त्याच्या घराण्यात त्याच्यापासूनच, हातातल्या पान्ह्यामुळे, सुरू झाली होती.

आता परवान्याकडे वळू.

परवानाधारक नळ कारागीर या व्यवस्थेचे कौतुक करावे तेवढे थोडे. ज्याची सही चालते तो परवानाधारक आणि ज्याचा हात चालतो तो नळवाला. हे दोन गुण एका माणसात एकत्र आले तर काम आणि जबाबदारी एकाच जागी साचण्याचा धोका असतो. तो मीनापूरने कायम टाळला. शिवाय परवान्याची सातवी अट अशी, की ‘थेट मोटार आढळल्यास परवानाधारकाने तीन दिवसांत लेखी कळवावे’. त्यामुळे सुजाण नागरिक दारात आलेल्या नळवाल्याला आधी विचारतो, "लायसन हाय का?" तो नाही म्हणाला तर त्याला चहा मिळतो. हो म्हणाला तर, "बरं बरं, सांगतो मग."

मीनापूरचा एकमेव परवानाधारक कारागीर म्हणजे बहिरू. त्याने तीस वर्षे सचोटीने सह्या केल्या आणि सात वर्षांपूर्वी तो वारला. परवान्यात याने काही खंड पडला नाही. सही रबरी शिक्क्यावर घेतलेली होती आणि शिक्का घरीच होता. बहिरूची बायको सरूबाई तो मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीशेजारी ठेवते. नवा नळजोड हवा असलेला माणूस तिच्या ओट्यावर कागद घेऊन जातो, ती हात पुसून शिक्का मारते. फाइलीला हळदीचा वास आला की ती तांत्रिकदृष्ट्या मंजूर आहे असे पाणीपुरवठा विभागात धरले जाते. सरूबाई निरक्षर असली तरी काटेकोर आहे. नकाशा उलटा जोडलेला असेल तर ती कागद परत करते. "ह्यांना पटलं नसतं," एवढेच म्हणते. गेल्या सात वर्षांत या शहरात तांत्रिक कारणावरून नामंजूर झालेले सर्व अर्ज तिने नामंजूर केलेले आहेत.

प्रबुद्धनेही परवान्यासाठी अर्ज केला होता. त्याला नऊ वर्षे झाली. पहिल्या वर्षी फोटोत त्याचे कान दिसत नव्हते. दुसऱ्या वर्षी कान दिसले, पण अर्जाचा नमुना बदलला. तिसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षा झाली. तीत नळाचे चित्र काढून भागांना नावे द्यायची होती, आणि ज्या नळावरून चित्र काढायचे होते तो गळत असल्यामुळे परीक्षकांनी प्रबुद्धकडून आधी तो दुरुस्त करून घेतला. तेवढ्यात वेळ संपली. चौथ्या वर्षापासून मात्र एकच त्रुटी कायम राहिली: अर्जदाराने दोन वर्षे परवानाधारकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली काम केल्याचा दाखला जोडावा. सरूबाईने तो लगेच दिला, हळदीच्या वासासकट. पाणीपुरवठा विभागाचे लिपिक जानकूअण्णा यांनी तो वाचून चष्मा काढला.

"प्रबुद्धा, बहिरू वारलाय की रं."

"अण्णा, मागच्या आठवड्यात त्यानंच बारा नळजोड पास केलं की."

"नळजोडाचं येगळं. तितं सही लागती. हितं देखरेख लागती. मेलेला मानूस सही करू शकतो, देखरेख कशी करंल? नियमात बसत न्हाई, राव."

यात मुद्द्याचे काही चुकत नव्हते. प्रबुद्ध परत गेला आणि त्याच दुपारी जानकूअण्णांच्या घरची मोटार दुरुस्त करून आला (ती कोंबड्यांच्या खुराड्यात आहे, कोंबड्या अंडी देत नाहीत).

परवाना त्याला कशाला हवा होता, असे कोणी विचारील. लेण्याद्रीच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेल्या टाक्यांत आजही पाणी साठते. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे जागोजागी कोरलेली आहेत. छिन्नी ज्याच्या हातात होती त्याचे नाव सापडत नाही. शाळेच्या सहलीत गुरुजींनी ही माहिती दिली तेव्हा बाकीची मुले केळी खात होती. प्रबुद्धने ती ऐकली. त्याला आपले नाव कुठेतरी, निदान नगरपंचायतीच्या लाकडी फळ्यावर, कारागीर म्हणून लिहिलेले पाहायचे होते. बाकी काही नाही.

हा योग समदाब नळ योजनेने आणला. योजना अशी, की शहरातल्या प्रत्येक घराला एकसारख्या दाबाने पाणी मिळावे. नवे पाइप, नव्या चाव्या, आणि चौथ्या टप्प्यात मिलिंदनगरला स्वतंत्र लाइन. अनुदान वरून येणार. अट एकच होती: शहरातल्या प्रत्येक घरासाठी ‘थेट मोटार नसल्याचा दाखला (नमुना फ)’ ऑनलाइन भरायचा, आणि प्रत्येक दाखल्यावर परवानाधारक कारागिराने मशीनवर अंगठा ठेवायचा. जानकूअण्णांनी शिक्क्यासह सरूबाईला बोलावून घेतले. मशीनने शिक्का नाकारला. मग लक्षात आले, की सुरुवातीला कारागिराचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरावा लागतो. सरूबाई घरी जाऊन बहिरूची तसबीर घेऊन आली. हार काढून ती कॅमेऱ्यासमोर धरली. मशीन म्हणाले, कृपया डोळे मिचकावा.

जानकूअण्णांनी चष्मा पुसून तसबिरीकडे पाहिले.

"जरा हालवून बघा," जानकूअण्णा म्हणाले.

सरूबाईने तसबीर हालवली. मशीन पुन्हा तेच म्हणाले.

"जित्तेपनी सुदीक त्यांनी कुनी सांगून डोळा मिचकावला न्हाई," सरूबाई म्हणाली, आणि तसबीर पदराने पुसून घरी घेऊन गेली.

अशा रीतीने बहिरू नगरपंचायतीच्या दृष्टीने त्या मंगळवारी वारला. गुरुवारी प्रबुद्धला परवाना मिळाला. नऊ वर्षांची फाइल तीन दिवसांत निघाली. देखरेखीच्या दाखल्याऐवजी ‘स्वतःच्या देखरेखीखाली काम केल्याचे स्वयंघोषणापत्र’ चालते असा नियम निघाला, जो तिथे पहिल्या वर्षापासून होता. फळ्यावर पांढऱ्या रंगाने नाव लिहिले गेले. गाव त्याला प्रबुद्धराव म्हणू लागले. निवृत्त अभियंत्यांच्या सौभाग्यवतींनी त्याला कपात चहा दिला, बशीसकट, आणि तो गेल्यावर कप वेगळा ठेवला की नाही हे कळायला मार्ग नाही.

बाजारपेठेतल्या नळसामानाच्या दुकानात तर पेढा मिळाला. हे दुकान अमृतलालशेठ यांनी सुरू केले. आता नातू विपुल बघतो.

"प्रबुद्धराव, लायसनवालं झाले तुमी. आता गरिबाकडं मोटार बसवायला येनार का नाय?"

"सातवी अट हाय, विपुलशेठ."

"ती लायसनवाल्याला हाय. तुमी दुपारच्या सुट्टीत या. डबा खाऊन झाला की मानूस परवानाधारक नसतो." विपुलने खोक्यावरची धूळ झटकली. "ही बगा, नवी आलीय. एक एचपी. आवाजच नाय. शेजाऱ्याला लाइट गेल्यावर कळतं."

"मला सह्या करायच्यात त्या खोट्या हायेत, शेठ."

"कोन म्हनतं? दाखल्यात काय लिवलंय, मोटार आढळली नाही. तुमी शोधलीच नाय तर आढळंल कशी?"

या तर्कात प्रबुद्धला चूक सापडेना. मोटारी शोधायची त्याला गरज नव्हती हे खरेच होते. कोणती कुठे आहे ते त्याला पाठ होते.

प्रत्यक्ष काम मात्र अडले ते अंगठ्यावर. मशीनने प्रबुद्धचा चेहरा घेतला, डोळे मिचकावणे घेतले, आणि अंगठा ठेवल्यावर कळवले, की बोटाचा ठसा अस्पष्ट आहे. सोळा वर्षे लोखंडी पाइपाला आटे पाडले आणि सोल्युशन बोटाने पसरले की अंगठ्यावरच्या रेषा उरत नाहीत. म्हणजे कारागीर असल्याचा जो एकमेव पुरावा त्याच्या अंगावर होता त्यामुळेच तो कारागीर असल्याचे सिद्ध होईना. बहिरूचा अंगठा शेवटपर्यंत लोण्यासारखा होता असे जानकूअण्णांनी हळहळून सांगितले.

"असं कर. सा-सात दिस कामाला हात लावू नगं. रोज साय चोळ. रेघा वर येत्यात. माझ्या साडूच्या आल्या व्हत्या."

नगरपंचायतीने तसा लेखी आदेश काढला. परवानाधारक कारागिराने कारागीर म्हणून ओळखले जाण्यासाठी सात दिवस कोणतेही काम करू नये. प्रबुद्ध घरी बसला. द्रौपदाबाई रोज त्याच्या अंगठ्याला साय चोळत आणि चोळताना विचारत, "काय ठरलं?" तो म्हणे, "बघू."

या सात दिवसांत एक गोष्ट घडली. तिची कोणी योजना केली नव्हती, म्हणूनच ती विश्वासार्ह आहे. मोटारी जळत असतात. रोज पाचसहा तरी. एरवी प्रबुद्ध त्या दुपारपर्यंत चालू करतो. आता त्या तशाच राहिल्या. त्याच्या फोनवर न घेतलेले फोन साठत गेले. आणि सोळा वर्षांत प्रथमच तो पाण्याच्या दिवशी, पावणेसहाला, आईच्या दारात होता. एरवी त्या वेळी तो कुठल्या तरी खुराड्यात हात घालून असे.

पहिल्या पाण्याच्या दिवशी दोरा वीस मिनिटे उडाला. दुसऱ्या दिवशी सतरा. तिसऱ्या दिवशी, सदतीस मोटारी बंद असताना, चौदा मिनिटे. आणि उलटा तर तो फक्त पाच मिनिटे वळला. उरलेली सव्वीस मिनिटे तो ओला होऊन सरळ खाली लोंबत होता. धार अंगठ्याएवढी होती. हंडे भरले, कळशा भरल्या, बादल्या भरल्या, मग भांडी संपली. द्रौपदाबाईंनी चादरी बाहेर काढल्या. दिवाळीनंतर प्रथमच त्या घरातल्या सर्व चादरी एकाच दिवशी धुतल्या गेल्या. मिलिंदनगरातल्या प्रत्येक दोरीवर काही ना काही वाळत होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारले, कोणी मंत्री येणार आहे काय?

निरीक्षणे तीनच होती. शास्त्राच्या मानाने ती कमी आहेत. पण दिशा एकच होती, आणि प्रबुद्धला गुणाकार येत होता. अकराशे चाळीसमधल्या सदतीस मोटारी बंद पडल्या तर आईच्या चादरी धुऊन होतात. याचा उलट अर्थ त्याने दारात बसून हळूहळू लावला. सोळा वर्षे त्याने पाण्याच्या दर सकाळी आईच्या हंड्यातून थोडे पाणी काढून कॉलनीत नेऊन दिले होते, आणि ते नेताना काम चोख केले होते.

"आता कळलं?" द्रौपदाबाई म्हणाल्या. त्या ओली चादर पिळत होत्या. पिळलेले पाणी बादलीत धरत होत्या.

"कळत तर व्हतंच, आये."

"मग ठरव."

सातव्या दिवशी अंगठा मशीनला पटला. सोमवारी पुण्याहून तपासणी अधिकारी आले. सभागृहात टेबल मांडले, त्यावर मशीन. दाखले प्रत्येक घरासमोर भरायचे असा नियम होता. पण घरे इतकी विखुरलेली असल्यामुळे घरेच सभागृहात आली आहेत असे समजावे, असा ठराव झाला. प्रत्येक आळीचे लोक आपले घर समजून खुर्च्यांवर बसले. विपुल पहिल्या रांगेत होता. सरूबाई सवयीने शिक्का घेऊन आली होती. मिलिंदनगरला वेळ उशिरा कळवल्यामुळे ते लोक मागच्या भिंतीला उभे होते.

टेबलाशी बसताना जानकूअण्णा प्रबुद्धच्या कानाशी आले. "चौथ्या टप्प्यात तुमची लाइन हाय, ध्यानात ठेव. अनुदान आलं तर चौथा टप्पा. तू गडबड केली तर पैलाच न्हाई."

"आन् पैल्या तीन टप्प्यात काय हाय, अण्णा?"

"पैल्या तिनात मोठे पाइप. नव्या कॉलनीपातुर." जानकूअण्णांनी सहज सांगितले. "मोटारी जळत्यात ना लई, बारीक पाइपामुळं."

मग काम सुरू झाले. अधिकारी नाव वाचत, जानकूअण्णा ‘नाही’ म्हणत, प्रबुद्ध अंगठा ठेवत असे, मशीन धन्यवाद म्हणत असे. एका घराला दहा सेकंद. कुत्र्याचे खोपट: नाही, धन्यवाद. वॉशिंग मशीन: नाही, धन्यवाद. सिमेंटचा पाणघोडा: नाही, धन्यवाद. खुराड्याच्या वेळी जानकूअण्णांनी ‘नाही’ थोडे घाईने म्हटले. अधिकारी निष्पक्षपाती होते. त्यांनी एकाही घराबद्दल दुसरा प्रश्न विचारला नाही. पहिल्या दिवशी बावीसशे झाली. जेवणाच्या सुट्टीत अधिकाऱ्यांनी चौकशी केली, की इथे भाड्याने घर घेतले तर पाण्याचे कसे, आणि विपुलने त्यांना वेगळे बाजूला घेऊन समजावून सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार हजार तीनशे अकरा दाखले झाले.

इथवर आलेल्या वाचकाला वाटत असणार, की आता प्रबुद्ध मशीन बाजूला सारील, उठून उभा राहील आणि सगळ्यांच्या मोटारी एकेक करून मोजून दाखवील. ही इच्छा उदात्त आहे. सभागृहातही ती जवळजवळ प्रत्येकाच्या मनात होती: शेजाऱ्याची मोटार कोणीतरी सांगून टाकावी असे मीनापुरात कोणाला वाटत नाही? ही इच्छा बाळगणाऱ्यांपैकी किती जणांच्या स्वयंपाकघरात, दारामागे, एक जास्तीचे बटण आहे याची पाहणी अजून झालेली नाही. ती करायला कोणी आला तर आपण त्याला परवाना आहे का ते विचारू, आणि आहे म्हणाला तर, बरं बरं, सांगतो मग, असे म्हणून दार लावून घेऊ.

शेवटचे घर राहिले होते. अधिकाऱ्यांनी नाव वाचले, "द्रौपदा. मिलिंदनगर. घर क्रमांक चार हजार तीनशे बारा."

"नाही," जानकूअण्णा म्हणाले.

प्रबुद्धचा अंगठा मशीनच्या वर थांबला. सभागृहातले सगळे लोक पहिल्यांदाच सावरून बसले. विपुलने मोबाइल खाली ठेवला.

"काय झालं?" अधिकाऱ्यांनी विचारले. "आहे का मोटार यांच्याकडे?"

"न्हाई, साहेब. ह्यांच्याकडं खरंच न्हाई." प्रबुद्धने अंगठा शर्टाला पुसला. "दोन दिसात खरे निघाले ते आमच्या वस्तीचेच, त्यातला हा शेवटचा, म्हनून जरा थांबलो."

मागच्या भिंतीपासून द्रौपदाबाई दोन पावले पुढे आल्या. त्यांच्या मागे मिलिंदनगर उभे होते. त्यांनी आवाज चढवला नाही. घरात दोऱ्याकडे बघत विचारतात तसेच विचारले.

"काय ठरलं रं?"

प्रबुद्धने अंगठा टेकवला. मशीन धन्यवाद म्हणाले. मग तो उठला, पहिल्या रांगेतल्या विपुलकडे पाहिले आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असे म्हणाला,

"ती एक एचपीची ठेवा बाजूला, शेठ. आये, उद्या आपल्याला बी बसवतो. गटार आलं तर बघू."